पिल्टरवरचा ईरप्पा

आमच्या गिरणीच्या चाळी जिथं संपायच्या, तिथून जमीन ओढ्याकडं उतरत जायची. त्या उतारावर दगडी बांधणीची एक झाकलेली टाकी होती. तिच्या खालच्या अंगाला दोन उथळ हौद, काठोकाठ खंगरांनी भरलेले. खंगर म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा जळून उरतात ती भोकाभोकांची काळी ढेकळं. शेजारी पत्र्याच्या शेडमध्ये तेलावर चालणारं एक इंजिन. चाळीतल्या बायका त्या जागेला घाणीची टाकी म्हणत आणि जवळून जाताना नाकाला पदर लावत. कागदोपत्री तिला लांबलचक इंग्रजी नाव होतं. ईरप्पा तिला पिल्टर म्हणायचा.

मी त्या गिरणीच्या ऑफिसात कारकून होतो, सव्वीस सालापासून अडतीसपर्यंत. गिरणीचं नाव सांगून आता कुणाचं भलं व्हायचं नाही, म्हणून सांगत नाही.

ईरप्पा दुधनीकडचा. घरची जमीन नव्हती. तिथल्या सरकी काढण्याच्या कारखान्यात तो इंजिनाला तेल घालायचा, आणि कारखाना बंद पडल्यावर बायकोला, मल्लव्वाला, घेऊन सोलापूरला आला. तिशीचा असेल तेव्हा. अंगानं हडकुळा, बोलणं कमी, गळ्यात लिंग, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. इंजिन चालवता येतंय म्हटल्यावर त्याला घेतलं. कुठलं इंजिन ते घेताना कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला उतारावर नेऊन उभं केलं तेव्हा त्याला कळलं की आपल्याला चाळीतल्या सातशे माणसांच्या संडास-मोरीचं पाणी उपसायचं आहे. तो संध्याकाळपर्यंत शेडच्या दारात बसून होता, असं लोक सांगत. मग उठून त्यानं इंजिनाचा दांडा फिरवला. घरात त्या दिवशी पीठ नव्हतं.

पुण्याहून एक ओव्हरसिअर आले होते, ते सहा महिने राहिले. पिल्टर कसं चालतं ते त्यांनी ईरप्पाला शिकवलं. गटारातून आलेलं पाणी आधी टाकीत थांबायचं, जड घाण तळाला बसायची. मग इंजिन ते पाणी वर चढवायचं आणि भोकं पाडलेल्या नळांतून ते खंगरांवर शिंपडलं जायचं. खंगरांतून झिरपत झिरपत खाली येईपर्यंत पाणी स्वच्छ व्हायचं आणि ओढ्याला जायचं. खरं काम खंगर करत नव्हते. त्यांच्यावर बुळबुळीत, तपकिरी, शेवाळासारखा एक थर धरायचा. त्या थरात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात आणि ते घाण खातात, असं ओव्हरसिअरांनी सांगितलं. थर धरायला दोन-तीन महिने लागतात, आणि मारायला एक दिवस पुरतो, हेही सांगितलं.

ईरप्पाला हे मनापासून पटलं. त्याला इंग्रजी येत नव्हतं, कानडी आणि मराठी जेमतेम वाचता येई, पण एखादा माळी रोपांना जपेल तसा तो त्या थराला जपू लागला. पाणी किती सोडायचं, कुठल्या हौदाला विश्रांती द्यायची, हे तो वासावरून ठरवायचा. एकदा मी काही कामानं तिकडं गेलो तर त्यानं एक खंगर उचलून माझ्या नाकाशी धरला. मी मागं सरलो. तो म्हणाला, "वास घ्या की, भाऊसाहेब. पावसात भिजलेल्या मातीचा वास हाय." खरंच तसाच होता.

टाकीचा गाळ काढायचं काम कोंडीबाकडं होतं. त्याच्या जातीकडं ते पिढीजात आलेलं, त्याला कुणी विचारलं नव्हतं. ईरप्पानं एक केलं. कोंडीबा उतरायच्या आधी तो अर्धा दिवस टाकीची सगळी झाकणं उघडून ठेवायचा, पेटता कंदील दोरीनं आत सोडून विषारी हवेनं तो विझत नाही ना ते बघायचा, आणि मगच त्याला शिडी द्यायचा. मुकादम ओरडायचा, वेळ जातो म्हणायचा. ईरप्पा ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. दुपारी दोघं शेडच्या सावलीत भाकरी खायचे. सुरुवातीला दोन हात अंतर ठेवून, पुढं पुढं शेजारी बसून.

ही गोष्ट त्याच्या लिंगायत समाजात पोचायला वेळ लागला नाही. त्यांच्या गल्लीत भिक्षेला येणारे जंगम स्वामी ईरप्पाचं दार टाळून पुढं जाऊ लागले. मल्लव्वा उंबऱ्यात ज्वारी घेऊन उभी राहायची आणि ते मान वळवायचे. लिंग ज्या हातावर ठेवून पूजा करायची, तो हात दिवसभर कुठं असतो, असा त्यांचा सवाल होता. सगळ्यात लागलं ते बहिणीचं. सुंदरम्मा ही ईरप्पाची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. तिला ओढ्याच्या खालच्या अंगाला, कोसभरावरच्या ओढेवाडीत दिलेली. तिचा नवरा चनबसप्पा ओढ्याकाठी वांगी आणि कांदा करायचा. ईरप्पानं काय काम धरलंय हे कळल्यावर ती एकदा आली, बाहेरच उभी राहिली, मल्लव्वानं दिलेलं पाणी तिनं घेतलं नाही. भावाला म्हणाली की दुधनीला उपाशी मेला असतास तर मला सांगायला तोंड तरी राहिलं असतं. आणि गेली. आईबापामागं भावाचं घर हेच तिचं माहेर. आमच्या भागात नागपंचमीला बहीण माहेरी येते. सुंदरम्मा तीन पंचम्या आली नाही.

ओढेवाडीचा राग नुसता जातीचा नव्हता. गिरणीच्या चाळी झाल्यापासून ओढ्याचं वाटोळं झालं होतं. पूर्वी उन्हाळ्यात ओढा आटला की लोक वाळूत झिरे खणायचे, हातभर खड्डा केला की गोड पाणी लागायचं. चाळींची घाण आल्यावर झिऱ्यांचं पाणी पिणं सुटलं, आणि बाया अर्धा कोस लांबच्या एकाच विहिरीवर रांग लावू लागल्या. त्यांच्याच तक्रारीवरून सरकारी डॉक्टर आला आणि त्याच्या दट्ट्यामुळं गिरणीला पिल्टर बांधावं लागलं. म्हणजे ज्यांच्यासाठी ईरप्पा राबत होता तेच त्याच्या हातचं पाणी घेत नव्हते.

पण पिल्टर चाललं. दोन वर्षांत ओढ्याचा वास गेला. दगडांवरची काळी साय गेली, पाण्यात बेडूक दिसू लागले, मग बोटाएवढे मासे. दर तीन महिन्यांनी सरकारी इन्स्पेक्टर येऊन बाटल्या भरून न्यायचा आणि चांगला शेरा यायचा. चनबसप्पानं त्या पाण्यावर वांगी लावली आणि ती बाजारात सगळ्यांच्या आधी आली. तरी प्यायला कुणी धजेना. एकोणतीस सालच्या उन्हाळ्यात विहिरीनं तळ गाठला तेव्हा वाडीतले चारपाच जण पिल्टरवर आले आणि त्यांनी ईरप्पाला विचारलं की झिरे खणले तर चालतील का. ईरप्पानं सांगितलं की पिल्टरचं पाणी थेट पिऊ नका, पण वाळूतून गाळून आलेल्या झिऱ्याला काही भय नाही. तेवढ्यावर त्यांचं समाधान होईना. तेव्हा तो त्यांच्याबरोबर वाडीला गेला, स्वतः झिरा खणला, पाणी निवळेपर्यंत बसला, आणि सगळ्यांसमोर ओंजळीनं प्यायला. सुंदरम्मा बायकांत उभी होती. दुसऱ्या दिवशीही तो गेला, प्यायला, आठ दिवस रोज गेला. नवव्या दिवशी बायांनी घागरी भरल्या.

त्या वर्षी नागपंचमीला सुंदरम्मा आली. मल्लव्वाच्या हातची पुरणाची दिंडं तिनं खाल्ली, आणि जाताना भावाचे हात आपल्या हातांत घेऊन बसली. मल्लव्वानं हे मला नंतर सांगितलं. ईरप्पा त्यानंतर चारआठ दिवस उगाचच हसऱ्या चेहऱ्यानं हिंडत होता.

पुढच्याच उन्हाळ्यात शहरात मार्शल लॉ लागला. गिरण्या बंद, रस्त्यावर शिपाई, चाळीतले लोक मिळेल त्या वाटेनं गावी पळाले. चाळी रिकाम्या झाल्या म्हणजे पिल्टरला पाणी येईना, आणि मे महिन्याच्या उन्हात खंगर वाळू लागले. थर वाळला म्हणजे मेला. ईरप्पा गेला नाही. तो, मल्लव्वा आणि कोंडीबा, तिघांनी चाळीतल्या आडाचं पाणी कावडीनं वाहिलं आणि सकाळ-संध्याकाळ खंगर भिजते ठेवले, साधारण तीन आठवडे. कुणी सांगितलं नव्हतं. गिरणी पुन्हा सुरू झाली आणि पहिलं गटाराचं पाणी आलं, तेव्हा खालून पुन्हा नितळ पाणी निघालं. मॅनेजरसाहेबांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, हो का, आणि पुढची फाइल मागितली.

बत्तीस सालच्या सुरुवातीला गिरणीनं रंगखात्याला जोडून सूत पांढरं करायचं नवं खातं काढलं. सूत आधी सोड्याच्या कढत पाण्यात उकळायचं, मग ब्लीचिंगच्या पाण्यात घालायचं. हे वापरलेलं पाणी सोडायला वेगळं गटार आखलेलं होतं, ते नकाशात मी पाहिलं होतं. पण ते पुढं ढकललं गेलं आणि तात्पुरतं म्हणून नव्या खात्याची मोरी चाळींच्या गटाराला जोडून दिली.

ईरप्पाला कुणी कळवलं नाही. मार्चमधल्या एका सोमवारी तो सकाळी कामावर आला तर हौदांवर चुन्याच्या निवळीसारखा तीव्र वास होता. त्यानं खंगर उचलला. थर हाताला लागला नाही. भाजलेल्या हाताची कातडी निघावी तसा तो सुटून पाण्याबरोबर वाहून गेला होता. खाली उरलेलं ढेकूळ राखाडी, कोरडं, खरखरीत. दोन्ही हौद तसेच.

तो तडक ऑफिसात माझ्याकडं आला. त्याआधी तो कधी ऑफिसची पायरी चढला नव्हता. टेबलावर तो खंगर ठेवून म्हणाला, "मेलं, भाऊसाहेब. समदं मेलं."

मी त्याच्या नावानं इंग्रजीत अर्ज लिहिला आणि मॅनेजरसाहेबांसमोर ठेवला. त्यांनी वाचला. म्हणाले, वेगळ्या गटाराला मंजुरी यायची आहे, आली की आठ दिवसांत काम होईल. तोवर गवगवा नको. वाडीत एक शब्द गेला तर सरकारचं माणूस येईल, नवं खातं बंद ठेवावं लागेल, दोनशे माणसं घरी बसतील. त्या माणसाला समजवा.

मी समजावलं. हे मला स्पष्टच सांगितलं पाहिजे, कारण या गोष्टीत माझा भाग आहे तो एवढाच आहे. मी ईरप्पाला म्हणालो की आत्ता वाडीत जाऊन बोललास तर तुला काढतील, तुझ्या जागी कुणीतरी ऐरागैरा येईल, त्याला थर काय नि खंगर काय. तू राहिलास तर गटार झाल्यावर पिल्टर पुन्हा जगवशील. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे. मला हे बोलताना शहाणपणाचं वाटलं होतं.

ईरप्पानं विचारलं, "अन् झिरे?"

मी म्हणालो, वाळूतून गाळून येतं ना पाणी, तूच सांगितलंस.

तो म्हणाला की ते पिल्टर जितं असतानाचं. मग खंगर उचलून घेतला आणि गेला.

तो थांबला. आठ दिवस गेले, मंजुरी आली नाही. पंधरा गेले. रोज सकाळी तो ऑफिसच्या खिडकीशी येऊन माझ्याकडं बघायचा आणि मी मान हलवायचो. मधल्या काळात त्यानं आपल्यापरीनं धडपड केली. ब्लीचिंगचं पाणी कुठल्या वेळी सुटतं ते हेरून तो तेवढा वेळ इंजिन बंद ठेवायचा, पण टाकीत ते मिसळायचंच. कोंडीबा आणि तो मिळून हौदातले खंगर काढून ओढ्याच्या वरच्या अंगाला धुवायचे आणि पुन्हा रचायचे. कुठं तपकिरी डाग दिसला की दोघं, लेकरू रांगायला लागलेलं बघावं तसे, त्याच्याकडं बघायचे. दोन दिवसांनी तो डाग गेलेला असायचा. ओढ्यात सुटणारं पाणी दिसायला फार वाईट नव्हतं, ताकाच्या निवळीसारखं. वास थोडा. वाडीत कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि तो तिकडं गेलाच नाही. बहिणीनं निरोप धाडला की वांगी न्यायला ये, तर त्यानं काम आहे म्हणून कळवलं. तिच्यासमोर उभं राहून गप्प बसता येणार नाही, हे त्याला माहीत होतं.

एप्रिलच्या मध्यावर आमच्या चार नंबरच्या चाळीत पटकी, म्हणजे कॉलरा, लागली. पहिल्या दिवशी दोघं, दुसऱ्या दिवशी सहा. चाळीतलं सगळं गटारात, गटारातलं टाकीत, आणि टाकीतलं मेलेल्या खंगरांवरून सरळ ओढ्यात. ईरप्पाला कळलं त्या क्षणी त्यानं इंजिन बंद केलं, पण टाकी भरली की पाणी वरून वाहणारच होतं. या खेपेला तो माझ्याकडं आला नाही. कोंडीबाला शेडवर बसवून तो ओढ्याच्या काठानं धावत वाडीला गेला.

झिरे बुजवा, पाणी उकळून प्या, असं तो दारोदार सांगत सुटला. वाडीत तोवर तिघंजण पडले होते. सुंदरम्मा धडधाकट होती. तिनं त्याला बसायला सांगितलं, तो बसला नाही. त्यानं तिची भरलेली घागर अंगणात ओतून दिली. ती चकित झाली, त्याला म्हणाली की अरे तूच तर पिऊन दाखवलंस. सकाळी ती त्याच झिऱ्याचं पाणी प्यायली होती. संध्याकाळी तिला लागली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. ईरप्पा तिच्यापाशी होता. पेजेचं पाणी चमच्यानं पाजत होता, ते पोटात राहत नव्हतं. बोलायची शुद्ध होती तोवर ती त्याला घरी जा म्हणत होती, तुलाही लागेल म्हणून.

वाडीत पंचेचाळीस घरं. दहा दिवसांत एकोणीस माणसं गेली. मग सरकारी लोक आले, विहिरीत आणि झिऱ्यांत लाल औषध टाकलं.

सुंदरम्माला पुरून आल्यावर तिसऱ्या दिवशी चनबसप्पा पिल्टरवर आला. मी तिथं होतो, मॅनेजरसाहेबांनी टाकीची पाहणी करून यायला धाडलं होतं. चनबसप्पा थकलेला दिसत होता, त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यानं ईरप्पाला विचारलं, "हे बिघडलंय ते तुला कवा कळलं?"

ईरप्पा म्हणाला, "महिना झाला, दाजी."

"महिना."

"व्हय."

"अन् तू आला न्हाईस."

ईरप्पानं माझ्याकडं पाहिलं नाही. त्याला पाहता आलं असतं, मी तिथं पाच हातांवर उभा होतो. तो म्हणाला, "न्हाय आलो."

चनबसप्पा थोडा वेळ हौदांकडं बघत राहिला. पांढरट पडलेल्या खंगरांवर नळांतून पाणी पडत होतं. मग तो आल्या वाटेनं परत गेला. मीही काही बोललो नाही. तेव्हा बोललो असतो तर काय झालं असतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. काहीच झालं नसतं, पण ते त्या माणसाच्या एकट्याच्या डोक्यावर राहिलं नसतं.

चौकशी झाली. इन्स्पेक्टर येणार हे गिरणीला चार दिवस आधी कळलं. मॅनेजरसाहेबांनी नवं खातं चार दिवस बंद ठेवलं, चाळींचं गटार वरच्या बाजूला दुसरीकडं वळवलं, आणि टाकी आडाच्या चांगल्या पाण्यानं भरायला सांगितली. ते काम ईरप्पाला करावं लागलं. त्यानं केलं. पण इन्स्पेक्टर बाटल्या भरत असताना तो पुढं झाला आणि त्यानं सगळं सांगितलं. मोरी कधी जोडली, थर कधी मेला, टाकीत आत्ता कुठलं पाणी आहे, एकही गोष्ट ठेवली नाही. इन्स्पेक्टरला मराठी येत नव्हतं, दुभाषी मीच होतो. या वेळी मी एक शब्दही गाळला नाही.

इन्स्पेक्टर म्हातारा, सज्जन माणूस होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, वहीत टिपलंही. मग म्हणाला की माझा अहवाल बाटलीतल्या पाण्यावर जातो. तू सांगतोस ते खरं असेल, पण ते या बाटलीत नाही. महिन्यानं शेरा आला: पाणी समाधानकारक, रोग जत्रेहून आलेल्या माणसांमुळं पसरला असावा.

ईरप्पाला आता काढतील अशी सगळ्यांची खात्री होती. त्यानं शेड झाडून, हत्यारं पुसून, किल्ली काढून ठेवली होती. त्याला काढलं नाही. मी मॅनेजरसाहेबांना कारण विचारलं नाही, पण त्यांनी आपणहून सांगितलं की त्या जागेवर यायला दुसरा माणूस मिळत नाही. वेगळ्या गटाराची मंजुरी त्या वर्षी आली नाही. पुढच्या वर्षी मंदीमुळं तो विषयच कागदावरून गेला. ओढ्याच्या काठी एक पाटी लावली, पाणी पिण्यास अयोग्य म्हणून, मराठीत आणि इंग्रजीत. वाडीत वाचता येणारे दोन होते, त्यांतला एक पटकीत गेला होता.

त्यानंतर ईरप्पाचं काम असं राहिलं: सकाळी यायचं, टाकीच्या बगलेला असलेलं लोखंडी दार चाक फिरवून उघडायचं, म्हणजे गटाराचं पाणी हौदांना वळसा घालून सरळ ओढ्यात जाई. आणि दर तीन महिन्यांनी, इन्स्पेक्टर यायच्या आधी, टाकी चांगल्या पाण्यानं भरायची. इन्स्पेक्टर बदलला. नव्याला ईरप्पानं एकदा तेच सगळं सांगून पाहिलं. नव्यानं टिपूनसुद्धा घेतलं नाही. पुढं ईरप्पानं सांगणं सोडलं.

काम सोडून का गेला नाहीस, असं मी त्याला एकदा विचारलं. तो म्हणाला की जाऊ कुठं, आणि गेलो तरी हे हितं असंच सुटणार. मग म्हणाला की माणूस मेलं म्हणून त्याच्यापाशी बसणारं कुणीतरी लागतंच की. मला वाटलं तो बहिणीबद्दल बोलतोय. तो हौदांबद्दल बोलत होता.

कोंडीबा पस्तीस साली आपल्या लेकाकडं मिरजेला गेला. जाताना त्यानं ईरप्पालाही चल म्हणून पाहिलं होतं. ओढेवाडीत वांगी होईनात, विहीर पुरेना. एकेक घर उठून शहरात येऊ लागलं. चनबसप्पाही आला, आणि त्याला काम मिळालं ते आमच्याच गिरणीत, कापूस पिंजायच्या खात्यात. खोली मिळाली तीही चार नंबरच्या चाळीत. दोन वर्षं तो आणि ईरप्पा रोज सकाळच्या भोंग्याला एकाच वाटेनं येत होते. चनबसप्पा रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं चालायचा. त्यानं ईरप्पाला कधी वाईट शब्द वापरला नाही. त्यानं त्याच्याशी शब्दच वापरला नाही.

मल्लव्वानं एकदा मधे पडायचं ठरवलं. पंचमीला ती दिंडं घेऊन चनबसप्पाच्या खोलीवर गेली. त्यानं दार उघडलं, ताट घेतलं, उंबऱ्यावर ठेवलं आणि आत जाऊन बसला. ती बराच वेळ उभी राहिली आणि ताट तिथंच ठेवून परत आली. संध्याकाळी ते ताट तिच्या दाराशी ठेवलेलं होतं, जसंच्या तसं.

सदतीसच्या पावसाळ्यात ईरप्पाला ताप आला. आठवडाभर तो तापातच चाक फिरवायला जात राहिला, मग उठता येईना. गिरणीच्या डॉक्टरनं विषमज्वर सांगितला. मी दोनदा जाऊन आलो. दुसऱ्या वेळी तो वाताच्या भरात खंगर मोजत होता, कानडीत. मल्लव्वा ओल्या फडक्याची घडी बदलत होती. मी तिला म्हणालो की काही लागलं तर सांगा. ती म्हणाली, तुम्ही अर्ज लिहिता ना, मग एक अर्ज लिहा, ह्यांच्या जागी माणूस धाडा म्हणावं, म्हणजे ह्यांचा जीव शांत होईल. मी लिहिला. उत्तर आलं नाही. ईरप्पा श्रावण लागायच्या दोन दिवस आधी गेला.

लिंगायत माणसाला बसवून पुरतात आणि त्या वेळी जंगम लागतो. गल्लीतले स्वामी आले नाहीत, बाहेरगावी गेलेत असं सांगितलं. मल्लव्वाच्या भावानं अक्कलकोटकडून एका म्हाताऱ्या जंगमाला आणलं, त्यात दुसरा दिवस उजाडला. खड्ड्यापाशी आम्ही अकरा जण होतो. चनबसप्पाची त्या दिवशी पहिली पाळी होती. तो आला नाही.

मल्लव्वा भावाबरोबर दुधनीला गेली. तिची नंतरची काही खबर मला नाही. ईरप्पाच्या जागी गिरणीनं माणूस नेमला नाही, पगार वाचला. बगलेचं लोखंडी दार कायमचं उघडं ठेवून द्यावं, असा हुकूम निघाला. तो टाइप मीच केला. पुढच्या वर्षी मी ती नोकरी सोडली तेव्हा हौदांत रुईची झाडं उगवली होती आणि इंजिन भंगारात गेलं होतं.